प्रभूची भाकर कुणी केली

आमचा ईस्टर शिळा असायचा. ईस्टरच्या दिवशी पुण्याच्या मोठ्या देवळात पाळक हवाच, मग पाळकसाहेब तिकडे आणि आम्ही पिंपरीवाले आठ दिवस वाट बघत. पुढच्या रविवारी ते खडकीहून सायकल मारत यायचे. कॉलर घामानं भिजलेली, कॅरियरला प्रभुभोजनाची पेटी सुतळीनं बांधलेली. ते आले की मग आमचा प्रभू उठायचा. मी म्हणायची, "तिसऱ्या दिवशी उठला तो जगासाठी. आमच्यासाठी त्याला दहा दिवस लागतात बघा." ज्योतीराम मिस्त्रींना असलं बोलणं खपायचं नाही. ते म्हणायचे, "सोजराबाई, तोंडाला कुलूप घाला जरा." कुलूप घालून काय करू? किल्ली ठेवायला जागा नाही.

ही गोष्ट पंचावन्न सालची. औषधाच्या कारखान्याच्या एकदोन इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि बाकीचं बांधकाम जोरात होतं. रुळांपासून थोडं आत मजुरांच्या पत्र्याच्या खोल्या होत्या. त्यात आम्हा ख्रिस्ती लोकांची चौदा घरं, सगळी नगर जिल्ह्यातून पोटामागं आलेली. मी विधवा, मूलबाळ नाही, मिशनच्या शाळेत चार यत्ता शिकलेली. एकट्यादुकट्या गड्यांची खानावळ चालवायची. सगळे मला मावशी म्हणायचे, माझ्याहून मोठेसुद्धा. उपासना सिमेंटच्या गोदामात व्हायची. मिस्त्री मुकादमाच्या मर्जीतले, आणि मंडळीचा कारभारही तेच बघायचे, म्हणून रविवारपुरतं गोदाम मिळायचं. पोती बाजूला रचायची, मध्ये सतरंज्या टाकायच्या. उपासनेहून परतताना बायकांचे पदर करडे झालेले असायचे, पण डोक्यावर छप्पर होतं, आणखी काय पाहिजे?

या सगळ्यात एक मान माझा होता. प्रभुभोजनात येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून मोडतात ती प्रभूची भाकर मी करायची. नावाला भाकर, खरं तर गव्हाची जाडसर पोळी. मीठ नाही, आंबवण नाही. पाळकसाहेब ती हातात घेऊन आशीर्वाद मागायचे, मोडायचे, आणि ताट मंडळीत फिरायचं. मागून प्याला यायचा, रात्रभर भिजवलेल्या मनुकांच्या रसाचा. प्याला एकच, सगळ्यांनी त्यातूनच प्यायचं. मेजावरचं पांढरं फडकं बाजूला झालं आणि माझी पोळी दिसली की माझी मान जरा ताठ व्हायची. खोटं कशाला सांगू? प्रभूपेक्षा माझं लक्ष पोळीकडे जास्त असायचं.

आता लाजेची गोष्ट सांगते. चौदातली तेरा घरं आमची, म्हणजे महारवाड्यातून आलेली. चौदावं घर भैरूचं, ते मांगवाड्यातून आलेलं. भैरू सळया बांधायचा, त्याची बायको रंभा पाट्या वाहायची, आणि दोन वर्षांची एक मुलगी होती. बाप्तिस्मा त्यांचाही तोच, आमचाही तोच. पण गोदामात सतरंजीच्या शेवटी, दाराच्या उंबऱ्याशी ते बसायचे. तिथं बसा असं कुणी सांगितलं नव्हतं. तसं बसलं म्हणजे ताट आणि प्याला त्यांच्याकडे सगळ्यांच्या शेवटी जायचा, आणि त्यांच्यानंतर कुणालाच प्यायची वेळ यायची नाही. कुणी ठरवलं नाही आणि कुणी मोडलं नाही. अख्ख्या गावानं आम्हाला पायाखाली धरलं, तर आम्हीसुद्धा पायाखाली धरायला कुणीतरी शोधून ठेवलंच की! देवाच्या घरात! आता आठवलं की माझ्याच थोबाडीत मारावंसं वाटतं.

फेब्रुवारीत पाळकसाहेब आले तेव्हा पाहुणेरावळे धरून माणसं जास्त झाली, आणि प्याला भैरूपर्यंत पोचायच्या आत संपला. पेटीत बाटली होती, बाटलीत रस होता. पाळकसाहेब ओतायला वळले असते तर काय झालं असतं? पण मिस्त्रींनी गाणं धरलं, सगळे उठले आणि संपलं. भैरूनं रिकाम्या प्याल्याकडे बघितलं आणि मुलीला कडेवर घेतलं. मी बघितलं. बघितलं आणि पदर झटकून घरी आले.

त्यानंतर रंभा मला नळावर भेटली तेव्हा म्हणाली, "मावशी, हे म्हनत्यात आता जायाचं न्हाई. म्हनत्यात, गावाकडं शेवटचे होतो, त्ये समजतंय. हितं येशूच्या घरात बी शेवटचेच, तर मग बाप्तिस्मा कशापायी घेतला?" मी म्हटलं, "अगं, त्याचा राग उतरेल." दुसऱ्याचा राग उतरेल म्हणणं फार सोपं असतं.

शिळ्या ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी मी नळावर घसरले. शेवाळावर पाय पडला, कळशी एकीकडे, मी एकीकडे, आणि उजवा हात अंगाखाली. मनगट भोपळ्याएवढं सुजलं. चिंचवडच्या एका म्हाताऱ्यानं हाड बसवलं, वर हळदीचा लेप लावला आणि हात गळ्यात बांधून दिला. म्हणाला, "म्हैनाभर ह्या हातानं काडी उचलायची न्हाई." मी कळवळत घरी आले ते एकच घोकत, उद्या भाकर कोण करणार?

सरळ वाट होती. मिस्त्रींची बायको दुर्गाबाई शेजारीच राहायची, तिला सांगायचं. पण दुर्गाबाईची आणि माझी जुनी चढाओढ. तिच्या पोळ्या म्हणजे पायताण, पण ते तिला कोण सांगणार? एकदा तिनं केली की पुढच्या वेळी म्हणणार, "सोजराबाई, तुमचं वय झालं, राहू द्या, मी करते." मिस्त्रीही मान डोलावणार, आणि माझा मान गेला की गेला. नाही म्हणजे नाही, असं मी मनाशी ठरवलं.

तेवढ्यात रंभा आली. माझा हात मोडल्याचं ऐकून धावत आली होती, खानावळीच्या भाकऱ्या थापू का विचारायला. आणि माझ्या डोक्यात आलं ते असं, जसं आलं तसंच सांगते. रंभेचा हात चांगला आहे. आणि रंभा कुणाला सांगणार? सांगितलं तरी तिचं कोण ऐकणार?

"रंभे," मी म्हटलं, "उद्याची प्रभूची भाकर करशील का? मी सांगते तसं."

तिनं आपले हात बघितले. मग हळूच म्हणाली, "माज्या हातची? मंडळीला चालंल?"

"न चालायला काय झालं?" मी म्हटलं. तोंडावर म्हटलं. मनात म्हटलं, कुणाला कळतंय!

ती घरी गेली, अंघोळ करून आली. केस ओले, धुतलेलं लुगडं, त्याच्या काठाला ठिगळ लावलेलं. मी गोणपाटावर बसून हुकूम सोडत होते, पीठ दोनदा चाळ, पाणी कोमट घे, जोर लाव. तिला काही सांगायची गरज नव्हती. कणीक मळताना तिचे ओठ हलत होते. मी विचारलं, "काय पुटपुटतेस?" तर लाजून म्हणाली, "मंडळीतल्या सगळ्यांची नावं घेती मावशी. चौदा घरं हायत. एकेका घराचं नाव घेऊन मळती." अगं बाई, मी दोन वर्षं भाकर करत होते. एकदाही कुणाचं नाव घेतलं नव्हतं. माझं ध्यान आपलं पोळी फुगली का नाही याच्याकडे.

पोळ्या झाल्या. खरंच सांगते, माझ्याहून चांगल्या झाल्या, आणि ते बघून मला जरा झोंबलंच. मी त्या फडक्यात बांधून घेतल्या. रंभा उंबऱ्यात थांबली आणि म्हणाली, "मावशी, मी ह्येंना सांगनार हाय. उद्या मेजावर माजी भाकर हाय म्हनून. त्येवढ्यासाठी तरी येतील. तुमी सांगाल न्हवं मंडळीला?"

"बघू," मी म्हटलं. बघू म्हणजे नाही, हे मला ठाऊक होतं. तिला नव्हतं.

रविवारी भैरू आला. स्वच्छ सदरा घालून, मुलीच्या केसांना तेल लावून, तो उंबऱ्याशी त्याच जागी बसला. पण मान वर होती आणि डोळे मेजावर होते. रंभा त्याच्या शेजारी बसली. माझ्याकडे बघून हसली, मी दुसरीकडे बघितलं.

उपासनेआधी दुर्गाबाई मेज लावायला आली. तिनं फडक्याचं टोक उचललं आणि मोठ्यानं म्हणाली, "अगं बाई! सोजराबाई, मोडक्या हातानं एवढ्या सुरेख? धन्य आहे तुमची!" चारपाच बायका वाकून बघायला लागल्या. मिस्त्रीसुद्धा म्हणाले, "सोजराबाईंना प्रभूनं ताकद दिली."

सगळं गोदाम माझ्याकडे बघत होतं. दाराशी भैरू बघत होता. तीच वेळ होती. दोन शब्द बोलायचे होते, रंभेनं केल्यात. दोनच शब्द!

मी म्हणाले, "प्रभूची कृपा."

रंभेचं हसू विझलं. भैरूनं तिच्याकडे बघितलं. रागानं नाही. बघ, मी म्हणत नव्हतो का, असं बघितलं. त्या नजरेपेक्षा त्यानं शिवी हासडली असती तरी परवडलं असतं.

मग पाळकसाहेबांनी उपदेश केला. सोपानराव त्यांचं नाव. अंगानं काटकुळे, पण आवाज खणखणीत. ते याजकांवर बोलले. याजक म्हणजे लोकांसाठी देवापुढे उभा राहणारा. पूर्वी मंदिरात पडद्याच्या आत एकटा मोठा याजक जायचा, तोही वर्षातून एकदा, बाकी लोक बाहेर. येशूनं वधस्तंभावर प्राण सोडला तेव्हा तो पडदा वरपासून खालपर्यंत फाटला. "आता आतला कोण आणि बाहेरचा कोण?" पाळकसाहेबांनी विचारलं. "बाप्तिस्मा झाला त्या दिवशी तुम्ही सगळे याजक झालात. सिमेंट कालवणारा याजक, भाकरी थापणारी याजक. तुम्ही दोन-दोन महिने माझी वाट बघत बसता, पाळक येईल आणि देव घेऊन येईल. देव काय माझ्या सायकलच्या कॅरियरवर बसून येतो?" लोक हसले. "याजकानं काहीतरी अर्पण करायचं असतं. कोकरू नको, बकरू नको. जे सोडताना जिवावर येतं, ते ठेवा देवापुढे."

माणूस बोलत होता आपल्या ओघात, त्याला माझं काय माहीत? पण मला वाटलं, हा मेला माझ्या चुलीमागे उभा राहून सगळं ऐकून आलाय.

भाकर मोडली. ताट फिरायला लागलं. माझ्यापुढं आलं, मी तुकडा घेतला. ताट पुढं पुढं गेलं, बबनराव गवंड्याकडे, त्याच्या बायकोकडे, आणि शेवटी दाराशी. रंभेनं ताट हातात घेतलं, स्वतः केलेल्या भाकरीकडे बघितलं आणि तुकडा न उचलता भैरूकडे दिलं. भैरूनंही घेतला नाही. त्यानं ताट उठून मेजावर नेऊन ठेवलं, अगदी अदबीनं, आणि परत जाऊन मुलीला उचललं. पाळकसाहेब प्याल्याकडे हात नेत होते. भैरू वाकून चपला घालायला लागला.

मला कळलं, हा आता उंबरा ओलांडेल तो कायमचा. तो गेला की रंभा गेली, आणि ती एवढीशी पोरही गेली. आणि घालवणारी मी असेन, मुकादम नव्हे, गावचा पाटील नव्हे. मी, सोजराबाई, प्रभूची भाकर करणारी!

"थांबा!" मी ओरडले. प्रभुभोजनाच्या मध्ये कुणी ओरडत नसतं. पाळकसाहेबांचा हात प्याल्यावरच राहिला. मिस्त्री डोळे वटारून बघायला लागले. मी उठले. एका हातानं उठता येईना, तर दुर्गाबाईच्या डोक्याला धरून उठले.

"मी खोटं बोलले," मी म्हटलं. "ती भाकर मी केलेली नाही. मोडक्या हातानं कोण करतंय? रंभेनं केली. काल दुपारी, माझ्या चुलीवर, अंघोळ करून, तुमची एकेकाची नावं घेऊन. मी तिला बोलावलं, कारण दुर्गाबाईला बोलावलं असतं तर माझा मान गेला असता. आणि तिचं नाव लपवलं, कारण ती मांगवाड्यातली. झालं. हे सगळं माझं पाप आहे, तिचं काही नाही."

मग बबनराव उठला. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता. "मावशी, आधी सांगायचं तरी!"

"आधी सांगितलं असतं तर खाल्ली असतीस?"

बबनराव बायकोला उठवायला लागला.

"नसती खाल्लीस. म्हणून नाही सांगितलं. आता पोटात गेली, बाबा. गोड लागली तेव्हा कळलं नाही कुणाच्या हातची ते. ज्याला नको असेल त्यानं भिंतीमागे जाऊन ओकून यावं!"

हे बोलायला नको होतं, मला मान्य आहे. बबनराव बायकोला घेऊन तरातरा निघून गेला. दोन महिने आला नाही. पुढं आला, त्याची गोष्ट वेगळी. आणखी एक घर उठून गेलं. बाकीचे खाली मान घालून बसले होते. मी रडत होते, नाक पुसायलासुद्धा हात मोकळा नव्हता. डाव्या हातानं पुसलं.

मग पाळकसाहेब बोलले. उपदेशाचा खणखणीत आवाज कुठं गेला कोण जाणे. म्हणाले, "प्याला मीच फिरवतो. शेवटी कोण बसतं ते मला दर वेळी दिसतं. फेब्रुवारीत रस संपला तेव्हा बाटली माझ्या हाताशी होती. मंडळीत भांडण नको म्हणून मी गप्प बसलो. सोजराबाईंनी एका दिवसाचं पाप सांगितलं. माझं दोन वर्षांचं आहे." आणि त्यांनी दाराकडे तोंड करून हात जोडले. पाळकानं सळया बांधणाऱ्यापुढं हात जोडले, हे आम्ही कधी बघितलं नव्हतं. भैरू तिथंच उभा होता, एक चप्पल पायात, एक बाहेर. गेला नाही, पण आतही आला नाही. नुसतं हात जोडून भागत नाही, हे त्याला आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

आता सगळे मिस्त्रींकडे बघायला लागले. ज्योतीराम मिस्त्री म्हणजे शिस्तीचा माणूस. बैठक ओळीत, गाणी क्रमानं, बसायच्या जागा ठरलेल्या. त्यांनी 'हे बरोबर नाही' म्हटलं असतं तर सगळं तिथंच मोडलं असतं. त्यांनी समोरची सतरंजी सरळ केली. मग म्हणाले, "पाळकसाहेब, माझ्या आईचा वाटा राहिलाय."

त्यांची आई, अंबूबाई. पाच महिने अंथरुणावर होती, डोळे गेलेले. उपासना झाली की पाळकसाहेब भाकर आणि प्याला घेऊन तिच्या खोलीवर जायचे. पाळकसाहेबांनी ताट उचललं.

"तुम्ही नको," मिस्त्री म्हणाले. "तुम्हीच म्हणालात ना आता, सगळे याजक म्हणून? मग रंभा देईल. जिनं केली तिनं द्यावी."

"अहो!" दुर्गाबाई किंचाळलीच. "आत्याबाईंना? त्या काय म्हणतील?"

तिचं भिणं खरं होतं. अंबूबाई गावाकडं असताना मांगवाड्यातलं कुणी ओट्यापाशी येऊन गेलं तर ओट्यावर पाणी टाकायची. मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय. रंभेलाही ते ठाऊक असणार. तिनं भैरूकडे बघितलं. भैरू म्हणाला, "तुजं तू ठरीव." रंभेनं पदर खोचला, मेजापाशी आली आणि ताट घेतलं.

मग आम्ही सगळेच निघालो. पुढं रंभा ताट घेऊन, मागं पाळकसाहेब भरलेला प्याला दोन्ही हातांत धरून, मागं मंडळी. एप्रिलचं ऊन डोक्यावर, रस्त्यात खडीचे ढीग. शेजारच्या खोल्यांतली माणसं बाहेर येऊन बघत होती. एकानं विचारलं, "काय, कुणाची वरात?" मी म्हटलं, "देवाची. येतोस का?"

मिस्त्रींची खोली लहान. निम्मी माणसं आत, निम्मी दारात. भैरू सगळ्यांच्या मागं, रस्त्यावर. अंबूबाई खाटेवर पडली होती, वाळलेल्या शेंगेएवढी. पावलं ऐकून म्हणाली, "पाळकसायेब आले का?"

मिस्त्री म्हणाले, "व्हय आई, पाळकसाहेब—"

"न्हाई," रंभा म्हणाली. "मी रंभा. भैरूची बायकू. मांगवाड्यातली. प्रभूची भाकर घिऊन आलीया. क्येली बी मीच. तुमी घ्याल का न्हाई ते आदी सांगा. मी आता चोरून न्हाई देनार."

दुर्गाबाईनं माझा मोडका हातच घट्ट धरला. कळ मस्तकात गेली, पण मी हूं की चूं केलं नाही.

अंबूबाई म्हणाली, "हात धुतलेस?"

माझ्या मनात आलं, मेली म्हातारी, मरायला टेकली तरी!

"धुतलेत," रंभा म्हणाली.

"मग घाल की तोंडात. माजा हात उठत न्हाई, ठावं हाय न्हवं तुला?"

आणि म्हातारीनं तोंड उघडलं. रंभा खाटेशी बसली. तिनं तुकडा बारीक केला, बोटानं तिच्या जिभेवर ठेवला. म्हातारी बिनदाताच्या हिरड्यांनी चघळत राहिली. मग विचारलं, "तू खाल्लीस?"

"न्हाई."

"का?"

रंभेनं ताट मांडीवर टेकवलं. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"खा," अंबूबाई म्हणाली. "माज्यासंगं खा."

रंभेनं खाल्ली. पाळकसाहेब प्याला घेऊन पुढं झाले, तशी म्हातारी म्हणाली, "थांबा जरा. भैरू आलाय का?"

"दारात हाय, आई," मिस्त्री म्हणाले.

"माघारच्या टायमाला त्याला प्याला पुरला न्हाई. सून सांगत हुती, हसत हसत." दुर्गाबाईनं माझा हात सोडला. "मी बी हासले. मग रातीला झोप लागंना. पाच म्हैनं पडून हाय, दुसरा उद्योग काय? त्येच घोळतंय डोक्यात. आंधळ्या म्हातारीला पाळक घरी येऊन पाजतोय, आन धडधाकट पोरगा तान्हेला घरी गेला. ह्यो कसला हिसाब?" ती थांबली, तिला धाप लागली होती. "आदी त्याला द्या. त्यानं पिल्यावर मी पिते. त्याच्या आदी मला नको."

दारातली माणसं बाजूला झाली. भैरू तिथंच उभा होता. त्यानं मुलीला खाली ठेवलं, चपला काढल्या आणि आत आला. रंभेनं ताटातला तुकडा त्याच्या हातावर ठेवला, त्यानं खाल्ला. पाळकसाहेबांनी प्याला त्याच्यापुढं धरला. त्यानं दोन्ही हातांनी घेतला आणि प्यायला, घोटभर नाही, चांगला प्यायला. मग खाली वाकून, म्हातारीच्या मानेखाली हात घालून तिचं डोकं उचललं आणि तोच प्याला तिच्या ओठांना लावला. पाळकसाहेबांनी हात मागं घेतले आणि नुसते बघत राहिले.

अंबूबाई प्याली. थोडा रस हनुवटीवर ओघळला, तो भैरूनं आपल्या सदऱ्याच्या बाहीनं टिपला. म्हातारी पुटपुटली, "बरं वाटलं रं बाबा."

मग भैरू प्याला घेऊन वळला. खोलीत सगळ्यात जवळ मीच होते. मला वाटलं, हा मला टाळून पुढं जाईल, आणि गेला असता तर माझं काही म्हणणं नव्हतं. पण तो माझ्यापुढं थांबला. माझा एक हात गळ्यात बांधलेला, दुसऱ्यानं पदर डोळ्यांना लावलेला.

"मावशी," तो म्हणाला, "तुमच्यानं धरवनार न्हाई. मी धरतो, तुमी प्या."

आणि मी प्याले.